सही व्हायच्या आत

आमच्या शाळेतल्या चौथीच्या मॉनिटरची निवडणूक लोकसभेपेक्षा कडक असायची. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याची मतपेटी, तिच्या झाकणाला चिकणमातीचं सील, फळ्याला चादर बांधून केलेली मतदानाची खोली आणि बोटाला जांभळ्या स्केचपेनचा ठिपका. हा सगळा थाट गुरुजींचा. मी मूळची परळीची, औष्णिक केंद्राच्या राखेत वाढलेली. पहिल्या नेमणुकीवर तलवाड्याच्या पलीकडच्या त्या गावात रुजू झाले, तेव्हा शाळेत नेमकी हीच धामधूम चालू होती. मला वाटलं, पोरांचं नाटक बसवतायत.

चिठ्ठ्या मोजून झाल्या. गुरुजींनी फळ्यावर आकडे मांडले, पेनचं टोपण काढलं, पेन कागदावर अधांतरी धरलं आणि वर्गाकडे बघितलं.

"हे आकडे हायत, निकाल न्हाई," ते म्हणाले. "निकाल मी सही केल्यावर. कुनाला शंका आसंल तर आत्ता इचारा. सही झाली की मग तुमचा बाप आला तरी मी आईकनार न्हाई."

गुरुजी एकेका रांगेवरून नजर फिरवत राहिले. इतका वेळ, की दारात उभी असलेली मीच अवघडले. शेवटी मागच्या ओळीतून एक हात वर आला.

"बोल."

"गुरुजी, पानी प्यायला जाऊ?"

दुसरे कुणी असते तर ओरडले तरी असते, नाही तर हसले तरी असते. गुरुजींनी मान तिरकी करून खरोखर विचार केला. "ही शंका न्हाई, ही इनंती हाय. सही झाल्यावर जा," म्हणाले, आणि पेन पुन्हा अधांतरी धरलं.

गुरुजी दिसायला किरकोळ. पांढरा शर्ट, त्याला दोन खिसे. एका खिशात चष्मा, दुसऱ्यात भाजलेल्या शेंगा. देह एवढासा, पण आवाज असा की आमच्या शाळेत घंटा होती ती केवळ सरकारी नियम म्हणून. वर्गात ते शेंगा खात नसत, पण ऑफिसात बोलताना एक फोडली की समजायचं, आता लांबचं काहीतरी येणार.

मॉनिटरच्या निवडणुकीत हरलेल्या पोराला ते समोर बोलवायचे आणि विचारायचे, "समाधान झालं का?" नाही म्हणालं की पुन्हा मोजणी. एका वर्षी एका मुलीला एकच मत पडलं, तिचं स्वतःचं. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनेही तिला मत दिलं नव्हतं. तिचं काही केल्या समाधान होईना. गुरुजींनी मोजलं, परत मोजलं, तिला स्वतःला मोजायला लावलं. बाकीची पोरं कंटाळून खेळायला पळाली. मी सांगायला गेले की गुरुजी, पुढचा तास माझा आहे, तर ते तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवत होते. मला म्हणाले, "म्याडम, हिचं गनित बरोबर झालंय. आता जरा दुसरं चालू हाय."

त्यांची ही सवय शाळेच्या आवारात मावणारी नव्हती. गावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड असतो. शेवटच्या कुस्तीत पंचांनी एका पैलवानाला चितपट ठरवलं आणि दुसऱ्याच्या हातात नारळ द्यायला निघाले. तेवढ्यात गुरुजी धोतर सावरत थेट आखाड्यात. "थांबा! याचा एक खांदा वर व्हता. नारळ हातात जायच्या आदी नीट इचार करा." हरलेला पैलवान स्वतः म्हणत होता की गुरुजी, मी पडलोय, मला घरी जाऊ द्या. गुरुजी त्याच्यावरच चिडले. "तुला काय कळतंय बे? तू खाली व्हतास. दिसलं आमाला." त्यांना चौघांनी उचलून बाहेर आणलं. बाहेर आल्यावर कपड्यांवरची माती झटकत मला म्हणाले, "नारळ दिल्यावर म्हनलो असतो तर येडा ठरलो असतो."

"आता काय ठरलात?" मी विचारलं.

"आता नुस्ता तापट ठरलो."

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. शाळा सुटलेली, ऑफिसात आम्ही दोघंच, आणि त्यांनी शेंग फोडली. त्यांचे थोरले भाऊ ग्रामपंचायतीला उभे होते. तेव्हा शिक्का मारायच्या मतपत्रिका असत. त्यांच्या बौद्ध वस्तीतून पहिल्यांदाच कुणीतरी राखीव नसलेल्या जागेवर उभं राहिलेलं. गुरुजी त्या वेळी बीडला कॉलेजात शिकत होते आणि मोजणीला भावासोबत होते. आकडे वाचले, भाऊ थोडक्यात पडले. माणूस मऊ, तिथेच खाली बसला.

"मी पानी आनायला गेलतो," गुरुजी म्हणाले. "पानी घेऊन आलो, तर सही झालती."

कुणीतरी सांगितलं, अहो, एक गठ्ठा मोजायचाच राहिला, फेरमोजणी मागा. अधिकारी म्हणाले, आता माझ्या हातात काही नाही, कोर्टात जा. ते कोर्टात गेले. तारखा पडत राहिल्या. ग्रामपंचायतीची मुदत संपली, नवी निवडणूक झाली, नवे सदस्य बसले आणि त्यानंतर कोर्टाचा निकाल आला की भाऊच निवडून आले होते. गुरुजी हार घेऊन भावाच्या घरी गेले. भावाने हार घालून घेतला आणि हसत विचारलं, "आता बसू कुठं?"

नियम तसा साधा आहे. मोजणी झाली की अधिकारी आकडे वाचून दाखवतात. आकडे वाचणं आणि निकालावर सही होणं यांच्यामध्ये थोडीशी जागा असते. तेवढ्यात उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने लेखी अर्ज देऊन, कारण सांगून फेरमोजणी मागायची असते. ती जागा किती मोठी, हे सही करणाऱ्याच्या घाईवर. ती निसटली की मग कोर्ट. गुरुजींनी आपलं निवृत्तीनंतरचं आयुष्य त्या एवढ्याशा जागेत घालवलं.

नोकरीत होते तोवर राजकारणापासून लांब राहावं लागे. निवृत्त झाले आणि मोकळे सुटले. सोसायटी असो, पतसंस्था असो, दूध संघ असो, जिथे कागदावर मतदान आणि हाताने मोजणी, तिथे गुरुजी कुणाचे ना कुणाचे प्रतिनिधी म्हणून हजर. बहुतेक वेळा हरणाऱ्याचे, कारण जिंकणाऱ्याला त्यांची गरज नसे. मोबदला चहाचा. शर्टाच्या खिशात फेरमोजणीचा अर्ज आधीच लिहिलेला, फक्त नाव आणि कारण भरायचं बाकी. अधिकाऱ्याने कागद पुढे ओढला की गुरुजींची आरोळी यायची, "थांबा, साहेब!" तालुक्यात त्यांचं नावच थांबा गुरुजी पडलं. कधी कधी मोजणीत खरंच फरक निघायचा. बहुतेक वेळा निघायचा नाही. त्यांना दोन्हीचा आनंद सारखाच. "बघितलं का? बरोबर व्हतं," असं ते हरलेल्या उमेदवाराच्या पाठीवर थाप मारून इतक्या खुशीत सांगायचे की त्याला रडावं की हसावं कळत नसे.

निवडणूक जवळ आली की विहाराच्या ओट्यावर त्यांचा वर्ग भरे. येईल त्या उमेदवाराला प्रवेश, कुठल्याही पॅनलचा असो. गुरुजी स्वतः अधिकारी होत, भराभर आकडे वाचत आणि मान खाली घालून सही करायला लागत. उमेदवाराने सही व्हायच्या आत त्यांना थांबवायचं. दिसायला सोपं, पण लोकांची जीभच उचलत नसे. खुर्चीवरच्या माणसाला थांब म्हणायची सवय कुणाला असते? एक चांगला दांडगा, मिशीला पीळ दिलेला गडी तीनदा नापास झाला. तोंडातल्या तोंडात "साहेब, ते जरा..." म्हणेपर्यंत गुरुजींची सही होऊन टोपण लागलेलं.

"एवढी मिशी कावून वाढवलीस बे?" गुरुजी कडाडले. "आवाज काय उंदराचा काढतोस? आन आईक. हारलास तर रडायला घरी जायचं. हितं रडत बसलास की ते सही करत्यात."

आम्ही त्यांच्या वेडाला हसायचो. सगळ्यात जास्त हसायच्या काकू, म्हणजे गुरुजींच्या मंडळी. काकूंना मी गुरुजींपेक्षाही जास्त मानायची, कारण त्या घरात काम करणारं माणूस एकच होतं आणि ते गुरुजी नव्हते. शेती काकूंची. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या नावावर केलेली. कापूस, तूर, थोडी ज्वारी, सगळं त्या बघत. गुरुजी कधी रानात गेलेच तर बांधावर बसून वर्तमानपत्र वाचत आणि पाखरं उडाली की ते राखणीचं काम समजत.

गावच्या सेवा सोसायटीच्या काकू सभासद. खत-बियाणं तिथूनच यायचं. एका पावसाळ्याच्या तोंडावर काकू खतासाठी गोदामाच्या दारात रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तसा आतला माणूस म्हणाला, "बाई, तुमी कशाला आलात? मालकाला पाठवा." बायांना तो हे नेहमीच म्हणायचा, आणि बाया गुपचूप बाजूला होऊन लिंबाखाली बसायच्या. काकू बसल्या नाहीत.

"मालकाच्या नावावर सातबारा न्हाई, सायकलबी न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांना पाठवून काय देतोस? शेंगा?"

लोक हसले, पण खत मिळालं नाही. संध्याकाळी गुरुजींनाच जावं लागलं सहीला. परत आले तेव्हा काकू ओट्यावर बसल्या होत्या. मीही होते. त्या म्हणाल्या, "सोसायटीला यंदा मी हुबी ऱ्हानार. बायांच्या जागेवर."

गुरुजी एवढे खूश झाले की त्यांनी खिशातला अर्ज काढून तिथल्या तिथे काकूंचं नाव लिहायला घेतलं. "आवं, आदी मला हारू तर द्या," काकू म्हणाल्या.

महिलांच्या दोन जागा होत्या. त्यातली एक गावातल्या जुन्या वजनदार घराकडे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. चुरस दुसरीसाठी. काकूंच्या विरोधात मोठ्या पॅनलने मंदाला उभं केलं. मंदा गुरुजींचीच विद्यार्थिनी, तशी गावातली निम्मी माणसं त्यांचीच विद्यार्थी. थोडी कोरडवाहू जमीन, आणि दरवर्षी दिवाळीनंतर नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. तिचा नवरा एरवी पॅनलप्रमुखांचा ट्रॅक्टर चालवायचा. मंदाला उभं करण्याचं कारण उघड होतं. ती बोलत नसे. निवडून आली तर मीटिंगला नवरा बसणार, आणि नवऱ्याने काय बोलायचं ते ट्रॅक्टरचा मालक सांगणार. नवऱ्याने नारायणगडाला जाऊन नारळ वाढवला, पोस्टरवर मंदाच्या फोटोपेक्षा स्वतःचा मोठा छापला.

काकूंना चिन्ह मिळालं कपबशी आणि मंदाला किटली. गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले, "आता गावात च्या प्यायचीबी सोय ऱ्हायली न्हाई."

प्रचार काकूंनी एकटीने केला. वस्तीत तर केलाच, पण गावातही घरोघर, मागच्या दाराने, बायांशी बोलत. वस्तीतली बाई गावच्या सोसायटीत, जातीसाठी राखीव नसलेल्या जागेवर बसणार, ही गोष्टच नवीन. वस्तीतले लोक उत्साहाने पेटले होते. लिंबाखाली बसवलेल्या गावातल्या बायाही घरी काही न बोलता मनात काय ते ठरवत होत्या.

मतदान आमच्याच शाळेत झालं, आणि संपल्यावर लगेच मोजणीही तिथेच. मला मोजणीच्या एका टेबलावर नेमलं होतं. महिलांच्या जागेचं टेबल शेजारचं. दोरीच्या पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले, त्यात काकूंतर्फे गुरुजी, मंदातर्फे तिचा नवरा. आभाळ भरून आलं होतं, खिडकीतला उजेड उतरत चाललेला, आणि सगळ्यांना उरकायची घाई. मी मान वर केली तेव्हा गुरुजी चष्मा कपाळावर चढवून शेजारच्या टेबलाकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी चष्मा खाली घेतला, डोळे चोळले.

बाहेरगावाहून आलेले निवडणूक अधिकारी तरुण होते, सभ्य होते. त्यांनी आकडे वाचले. पहिली जागा ठरल्याप्रमाणे गेली. दुसऱ्या जागेला काकू तीन मतांनी पुढे.

बाहेर हलगी सुरू झाली. निळा गुलाल उडाला. मंदाचा नवरा उठला, "झालं, चला," म्हणाला आणि कुणाकडे न बघता मोटारसायकलला किक मारून निघून गेला. अधिकाऱ्यांनी मान वर न करता विचारलं, "कुणाची काही हरकत?" आणि निकालाचा कागद पुढे ओढला.

"थांबा, साहेब!"

ती आरोळी आम्ही इतक्यांदा ऐकली होती की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग हलके हलके माना वळल्या. गुरुजी उभे होते.

"गुरुजी," अधिकारी हसून म्हणाले, "तुमच्या मंडळी जिंकल्यात."

"आईकलं मी." गुरुजी दाराकडे वळले. "मंदाच्या मालकाला बलवा बे कुनीतरी!"

"तो गेला," बाहेरून आवाज आला.

गुरुजींनी खिशातला कागद काढून त्यावर काहीतरी लिहिलं आणि टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी वाचला, पुन्हा वाचला.

"जिंकलेल्या उमेदवारातर्फे फेरमोजणी?"

"मी प्रतिनिधी हाय. हारलेल्यानंच मागावी असं कुठं लिवलेलं असंल तर दाखवा."

"कारण?"

"कपबशीचा एक गठ्ठा बांधताना उजेड कमी व्हता. मला त्यात किटली दिसल्यासारखी झाली."

"दिसली, की दिसल्यासारखी झाली?"

"दिसल्यासारखी." तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. जवळच्यालाही कान द्यावा लागेल एवढा लहान.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "उमेदवार इथेच आहेत. त्यांना विचारल्याशिवाय मी हा अर्ज घेत नाही. बोलवा."

काकू आत आल्या. कपाळ, केस, खांदे सगळे निळे. अजून हसत होत्या. अधिकाऱ्यांनी काय झालं ते सांगितलं आणि ते हसू जागच्या जागी थांबलं.

"ह्यांनी मला इचारलं न्हाई," त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या. गुरुजींकडे बघितलंही नाही.

"मग अर्ज मागे घेताय का? तुम्ही नको म्हणालात तर मी सही करतो."

बाहेर बातमी पोचली असावी. हलगी बंद पडली. खिडकीच्या गजांना तोंडं चिकटली. कुणीतरी ओरडलं, "काकू, न्हाई म्हना! न्हाई म्हना!"

काकू आता गुरुजींकडे वळल्या. "तुमाला दिसलं का?"

"दिसल्यासारखं झालं."

"आदी बोलायला काय झालतं?"

"आदी वाटलं, भास आसंल. आकडे आईकले तवा ध्यानात आलं, एवढ्याशानंबी फरक पडतोय."

"आन गप बसला असतात तर?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. राग होता, पण रागाच्या मागे आणखी काहीतरी चाललं होतं, ते मला वाचता येत नव्हतं. मग त्यांनी एक खुर्ची ओढली आणि टेबलासमोर बसल्या.

"मोजा," त्या म्हणाल्या. "मोजंस्तोर मी हितनं उठनार न्हाई."

दिवे लावले. गठ्ठे सुटले. अधिकारी एकेक मतपत्रिका उचलून सगळ्यांना दाखवत होते. कपबशी, कपबशी, कपबशी. मधल्या एका गठ्ठ्यात किटली निघाली. थोड्या वेळाने त्याच गठ्ठ्यात आणखी एक. दोन मतं इकडची गेली आणि तिकडे वाढली. तीनची आघाडी संपून काकू एका मताने मागे पडल्या.

तोवर कुणीतरी मंदाला घरून बोलावून आणलं होतं. हाताला पीठ तसंच. तिला सांगितलं, तू निवडून आलीस. "मी?" ती म्हणाली, आणि भिंतीला टेकली.

खिडकीतून कल्लोळ उठला. "आनखी एकदा मोजा! परत मोजा!" अधिकाऱ्यांनी काकूंकडे बघितलं. "बाई, सही अजून केलेली नाही. तुमची काही शंका असेल तर सांगा."

काकूंनी गुरुजींना विचारलं, "आता?"

"आता न्हाई," गुरुजी म्हणाले. "सगळी बघितली मी."

"करा सही, साहेब," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

त्या पुढे झपाझप घरी निघून गेल्या. आम्ही मागून चाललो. वस्तीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्याने गुरुजींना अडवलं. "गुरुजी, दुसऱ्यांनी आमाला लई पाडलं. आज तुमी पाडलं," एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला. गुरुजींनी ते उभं राहून ऐकून घेतलं. पुढे विहाराच्या ओट्यावर बसले ते उठेनात.

"तुम्ही बरोबर केलंत, गुरुजी," मी म्हणाले.

"व्हय. बरोबर केलं," ते म्हणाले. "मला काय लागलं, म्याडम? मी हुबा ऱ्हायलो न्हवतो. रानात राबून, घरोघर फिरून मतं मागितली तिनं. बरोबर मी वागलो आन हारली ती. हे असं बरोबर वागायला लई सोपं जातं."

दिवेलागण झाली. घरी जायची त्यांची छाती होत नव्हती. शेवटी काकूच गल्लीच्या तोंडाशी आल्या. अंघोळ करून आलेल्या, पण कानामागे निळं राहिलेलं.

"भाकरी गार व्हायलीय," त्या लांबूनच म्हणाल्या. "आता कुनाच्या सहीची वाट बघायलेत?"

जेवायला बोलावलं म्हणजे माफ केलं असं नव्हतं. पुढे बरेच दिवस काकू त्यांच्याशी थेट बोलत नसत. मी गेले की माझ्यामार्फत निरोप चालत. "म्याडम, त्यांना म्हनावं मीठ कमी आसंल तर डबा तिथंच हाय." गुरुजी हातभर अंतरावर बसून मला सांगत, "म्याडम, मीठ बरोबर हाय म्हनावं." मीठ बरोबर नसे. मी जेवलेली असे, मला माहीत आहे.

पण सोसायटीच्या पहिल्या मीटिंगच्या दिवशी काकू सकाळीच पातळ बदलून बाहेर पडल्या आणि थेट मंदाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी शाळेच्या वाटेवर होते, पाय थांबलेच. मंदाचा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून मीटिंगला निघालेला. मंदा चुलीपाशी.

"कोन चाललंय?" काकूंनी विचारलं.

"मी," नवरा म्हणाला. "ती काय करनार तिथं जाऊन?"

"बसनार. मी एका मतानं हारलेय. ते मत तुला न्हाई पडलं, तिला पडलं." मग आत बघून म्हणाल्या, "मंदे, ऊठ. तुला बसायचं नसंल तर तसं लिवून दे, मी येऊन बसते. बसायचं आसंल तर चल, दारापत्तुर येते."

मंदाने लाकडं मागे ओढली, हात धुतले, डोक्यावरचा पदर सारखा केला. नवरा आडवा आला नाही. काकूंच्या समोर आडवं यायला फार मोठं काळीज लागलं असतं. त्या दोघी रस्त्याने जाताना गाव बघत होतं. सोसायटीच्या दारात काकू थांबल्या, मंदा आत गेली. बाकीचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले, पण निवडून आलेल्या माणसाला बाहेर जा कसं म्हणणार?

मंदा पहिल्या काही मीटिंगांत काही बोलली नाही. पण बसली. पेरणीच्या दिवसांत गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागली, आणि खत घ्यायला आलेली बाई खत घेऊनच परत जायला लागली. त्याबद्दल गावात कुणी भाषण केलं नाही. गुरुजींनी मात्र ऐकल्या ऐकल्या काकूंना थेट सांगितलं, "आवं, कळलं का?" आणि काकूंनी थेट उत्तर दिलं, "मला कवाच कळलंय." तेव्हापासून माझं मिठाचं टपाल बंद झालं.

पुढच्या निवडणुकीला काकू पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी मंदा त्यांच्यासोबत, त्यांच्याच पॅनलमध्ये. गुरुजींनी प्रतिनिधी व्हायला साफ नकार दिला. मोजणी चालू असताना ते शाळेच्या भिंतीवर, वर्गाकडे पाठ करून शेंगा खात बसले. येणारे-जाणारे थट्टा करत होते, "गुरुजी, आज थांबा म्हनायचं न्हाई का?"

"मी आत गेलो आन काय दिसंल, काय सांगावं," ते म्हणाले. "आज डोळे घरी ठिवलेत."

काकू भरघोस मतांनी आल्या. आत कुणी हरकत घेतली नाही. गुरुजींना बातमी सांगायला मीच धावत गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंडातली शेंग गिळली आणि विचारलं, "हारलेल्या बाईला नीट इचारलं का त्यांनी?"

माझी बदली माजलगावकडे झाली. गेल्या हिवाळ्यात गुरुजी गेले. आजारी फार पडले नाहीत. मला निरोप उशिरा मिळाला, म्हणून मी नंतर काकूंना भेटायला गेले. काकू ओट्यावर बसल्या होत्या. आता सोसायटीच्या चेअरमन होत्या, पण हातात सूप होतं आणि सुपात तूर. आम्ही गुरुजींबद्दल बोललो, हसलो जास्त, रडलो कमी. बोलता बोलता मी विचारलं, कारण ते इतकी वर्षं मनात राहिलं होतं.

"काकू, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला असतात तर सही होऊन गेली असती. कुणाला काही कळलंही नसतं. मोजा कसं म्हणालात?"

काकूंनी तूर पाखडली, खडा काढून अंगणात फेकला.

"खुर्ची पाच वर्साची व्हती," त्या म्हणाल्या. "ह्ये मानूस रोज सकाळी समोर च्या प्यायला बसनार व्हतं. त्येला ती शंका खात ऱ्हायली असती, आन मला त्येनं खाल्लं असतं. मी म्हनलं, एक निवडनूक गेलेली परवडली, बाई."

मग त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराने डोळे पुसले आणि उठल्या. गल्लीच्या तोंडाशी मंदा येऊन उभी होती. सोसायटीची मीटिंग होती, आणि चेअरमनबाईंना उशीर करून चालणार नव्हतं.